सुईच्या आधीचं बोलणं

दिवाळी आटोपली की मेळघाटातली गावं रिकामी व्हायला लागतात. सोयाबीन निघालेलं असतं, डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेतात पुढे काही करण्यासारखं उरत नाही, आणि धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू कुटुंबं गाठोडी बांधून परतवाडा, अमरावती, अकोला, बऱ्हाणपूरच्या वाटेला लागतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी बागाईतदाराच्या शेतात. कडेवरची लेकरं सोबतच जातात. होळीला मात्र माणसं परततात, कारण होळी हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. आता दसऱ्याच्या आसपास जन्मलेलं एखादं मूल घ्या. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला त्याला पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा या लसी मिळायला हव्यात. ते सगळे आठवडे भट्टीवर जातात. गावच्या यादीत त्याच्या नावापुढे गैरहजेरी पडते आणि भट्टीजवळच्या केंद्राच्या यादीत त्याचं नावच नसतं. वीटभट्ट्या जोखमीच्या वस्त्या म्हणून नोंदवून तिथे सत्रं घ्यावीत असा नियम आहे, पण भट्टीवर कोण कधी आलं हे भट्टीमालकालाही हिशेबाच्या दिवशीच कळतं. या मुलाच्या आईनं लसीला नाही म्हटलेलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही.

लसीकरणावर बोलताना आपल्या डोळ्यांपुढे ही आई नसते. तिथे असते ती दार लावून घेणारी, सुईला भिणारी, अंगारे-धुपारे करणारी बाई. तिच्यासाठी मग जनजागृती निघते: शाळकरी मुलांची प्रभातफेरी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची रंगीत घोषणा, चौकातलं पथनाट्य, गाडीवरचा भोंगा. हे करू नये असं मी म्हणत नाही. त्यातून निदान तारीख तरी कळते. पण या सगळ्यात बोलणारी बाजू एकच आहे. माझं म्हणणं एवढंच, की वऱ्हाडात ज्या मुलाची लस राहून जाते, त्याच्या घरी बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं आणि ते कारण आरोग्ययंत्रणेच्या कामाचं असतं. ते नीट ऐकून घेणं मात्र कुणाचंच काम नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ५६ टक्क्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ७३ च्या पुढे गेला. देशाची सरासरी याच काळात ६२ वरून ७६ वर आली. म्हणजे भारतातली देवीची पहिली लस १८०२ साली जिथे टोचली गेली ती मुंबई ज्या राज्यात, १८९७ साली हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली तीही ज्या राज्यात, ते राज्य देशाच्या सरासरीच्या मागे. याबद्दल कुठे फारसं वाईट वाटून घेतलेलं दिसत नाही. आणि गोवराला तर ७३ चालतही नाही. त्याला थोपवायचं तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात.

मेळघाटाच्या खाली उतरलं तरी मुलं यादीतून गळतात, फक्त कारणं बदलतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. अकोटची मुलगी मूर्तिजापूरला दिलेली असेल, तर बाळ अकोटला जन्मतं. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि काविळीची लस तिथेच मिळते. मग दोन-तीन महिन्यांनी बाळंतीण सासरी येते. कार्ड कधी सोबत येतं, कधी आईच्या ट्रंकेत राहतं. सासरच्या आशाताईला हे मूल तिच्या गावात जन्मलेलं दिसत नाही, माहेरच्या आशाताईला ते गावात राहिलेलं दिसत नाही. २०२४ मध्ये देशभर सुरू झालेल्या यू-विन नोंदणीनं ही फट बुजावी अशी अपेक्षा आहे, आणि ती बुजेलही. पण त्यात जो मोबाइल नंबर दिलेला असतो तो नवऱ्याचा असतो, नवरा पुण्याला कंपनीत असतो, आणि लसीची आठवण करून देणारा संदेश त्याच्या फोनवर इतर पन्नास संदेशांच्या खाली जाऊन बसतो.

आता खऱ्या नकाराकडे येऊ, कारण तो नाहीच असं म्हणणं खोटं ठरेल. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावी लसीकरणाच्या दिवशी बसलं, तर एक तक्रार हमखास कानावर येते. ‘मागल्या खेपेले पोरगं रातभर कुरकुरलं वं बाई, आंग तापलं त्याचं. दुसऱ्या दिवशी मले वेचाले जाता आलं नाही. तुमी सुई देऊन चालल्या जाता, मंग आमी काय करावं?’ यात अंधश्रद्धा शोधून सापडणार नाही. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, काविळीचा ब प्रकार आणि हिब यांपासूनचे पाच बचाव एकत्र आहेत. सरकारी लसीतला डांग्या खोकल्याचा भाग संपूर्ण जंतू मारून केलेला असतो. त्यामुळे ताप येतो, मांडीला सूज येते, मूल एक-दोन दिवस रडकं होतं. ही लस काम करत असल्याचीच खूण आहे आणि पॅरासिटामॉलनं ती आवरते. पण कापूस वेचणारीला मजुरी किलोवर मिळते. तिचा बुडालेला दिवस म्हणजे त्या आठवड्याचं तेल-मीठ.

अमरावती शहरातल्या खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे याच रोगांसाठी दुसरी लस मिळते, ताप कमी आणणारी. ती महाग असते. तिथे येणारे आईबाप ‘बिनतापाची द्या’ असं सांगतात, पैसे मोजतात आणि घरी जातात. त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. त्यांची प्रभातफेरीही कुणी काढत नाही. तापाची तीच भीती, मुलाच्या रडण्याचा तोच त्रास. एकीकडे त्याला ग्राहकाची आवड म्हणतात आणि दुसरीकडे जागृतीचा अभाव. माझ्या मते आपल्या आरोग्यसंवादाचं सगळं दुखणं या दुटप्पीपणात आहे. सरकारनं सगळ्यांना महागडी लस द्यावी असं माझं सुचवणं नाही. जुन्या लसीचं संरक्षण जास्त टिकतं असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे, आणि गरिबाच्या मुलाला ते मिळतंय हे चांगलंच आहे. पण मग हेच तिला सांगा ना. ताप येईल, साधारण किती वेळ राहील, गोळी ही घ्या, आणि ताप आला म्हणून पैसे उकळणाऱ्या डॉक्टराकडे धावायची गरज नाही, एवढं चार वाक्यांचं बोलणं सुई टोचण्याआधी व्हायला हवं. टोचून झाल्यावर ते बोलणं सारवासारव वाटतं.

सुईच्या भीतीमागे तापापेक्षा जुनंही काही असतं. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायदा झालं नाही, पण शिबिरं, उद्दिष्टं, शिक्षकांवरचे दबाव हे सगळं गावांनी पाहिलं. आज सत्तरीत असलेली सासू तेव्हा तरणी होती. ‘सुईनं पोरं होत नाहीत’ ही अफवा तिच्या घरात आली तर ती तिला अशक्य वाटत नाही, कारण सरकार असं काही करू शकतं हे तिनं पाहिलेलं आहे. नायजेरियातल्या कानो प्रांतात २००३ साली पोलिओची लस बंद पाडली गेली, तेव्हा जगानं त्यांना धर्मवेडे ठरवलं. त्याच कानोमध्ये १९९६ साली मेंदूज्वराच्या साथीत फायझर कंपनीनं मुलांवर नव्या औषधाची चाचणी केली होती आणि त्यावरून पुढे खटले झाले, हे फार कमी लोकांनी लक्षात घेतलं. अफवा खोटीच असते. पण ती रुजते ती माती बहुधा खरी असते.

माती आपणही तयार करतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओच्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. सुदैवानं ती बरी झाली. संबंधितांवर कारवाई झाली, बातमी देशभर गेली आणि चार दिवसांत विरली. त्यानंतर काही आठवड्यांत अमरावती-अकोल्यात कोरोनाची दुसरी लाट उसळली, २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी आली, आणि वऱ्हाडाला दुसरं काही सुचायला वेळच उरला नाही. पण घाटंजीची गोष्ट गावागावांतल्या ओट्यांवर टिकून राहिली असणार, कारण असल्या गोष्टी तिथेच टिकतात. पुढच्या पोलिओ रविवारी एखाद्या आईनं ‘बाटली दाखवा’ म्हटलं, तर आशाताईनं चिडू नये. बाटली दाखवावी. लसीच्या कुपीवर उष्णता दाखवणारं चौकोनी चिन्ह असतं, त्याचा रंग भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस वापरायची नसते, तेही दाखवावं. शंका घेणारी आई ही यंत्रणेची फुकटची तपासनीस आहे.

मेळघाटातला प्रश्न भाषेनं अधिक अवघड होतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची नाती संथाळी-मुंडारीशी, मराठीशी किंवा हिंदीशी नाहीत. दर्यापूर-अचलपूरकडून बदली होऊन आलेली नर्सबाई वऱ्हाडी बोलते, तिचं पत्रक पुस्तकी मराठीत असतं, आणि समोरची बाळंतीण मान हलवते. मान हलवणं म्हणजे कळणं नव्हे. ती घरी गेली की ज्याच्याशी तिच्या भाषेत बोलता येतं तो भूमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, असतो. भूमक्याबद्दल शहरातून दोन टोकांचं लिहिलं जातं. एकात तो निसर्गज्ञानी वैदू असतो, दुसऱ्यात खलनायक. डंब्याबद्दल मात्र दोन मतं असूच नयेत. पोट फुगलं, श्वास लागला म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्यानं चटके देणं हा छळ आहे, आणि २०२५ मध्येही चिखलदरा तालुक्यात अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याची बातमी आली. गुन्हा नोंदवला गेला. तो नोंदवायलाच हवा होता. तरीही प्रश्न उरतो की ते बाळ आजारी पडल्यावर त्या घराची पहिली धाव तिकडे का गेली. भूमका रात्री दोन वाजता घरी असतो. तो आजीचं म्हणणं पुरतं ऐकून घेतो, मुलाला हात लावतो, आणि काहीतरी करतो. आपल्या उपकेंद्राला यातलं किती जमतं हे प्रामाणिकपणे विचारून पाहावं. भूमक्यानं आजारी मूल दवाखान्यात पाठवलं तर त्याला मोबदला द्यायचा, अशी योजना आरोग्य विभागानं मेळघाटात आणली होती. तिची टिंगल झाली. मला ती कल्पना शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात निदान एवढं मान्य केलेलं होतं की विश्वास कुणापाशी आहे हे सरकार ठरवत नाही. बैरागडला कोल्हे या डॉक्टर दांपत्यानं आणि उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी जे काम उभं केलं, त्याची सुरुवातही तिथे जाऊन राहण्यापासून झाली, भाषणापासून नव्हे.

ऐकण्याची ही विद्या वऱ्हाडाला परकी नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे, गेले १९५६ साली अमरावतीच्या वाटेवर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. ते विचारायचे, समोरचे हजारो लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढायचे, आणि बघता बघता बोकड कापण्याचा, सणासाठी कर्ज काढण्याचा खुळेपणा लोकांच्याच तोंडून बाहेर पडायचा. आज त्यांच्या नावानं स्वच्छता अभियान होतं, झाडूचे फोटो निघतात, पुरस्कार दिले जातात. झाडू घेतला आणि प्रश्न विचारण्याची रीत तेवढी टाकून दिली. लसीकरणाच्या सत्रात नर्सबाईनं ‘कळलं का?’ असं विचारण्याऐवजी ‘आता घरी गेल्यावर सासूबाईला काय सांगशील, माय?’ असं विचारलं, तर दोन मिनिटांत कळेल की काय पोचलं आणि काय राहिलं.

आणि हे केवळ भावनेचं बोलणं नाही, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगात सर्वाधिक. पुढच्या वर्षी ४२, त्याच्या पुढच्या वर्षी एक. १३ जानेवारी २०११ नंतर पोलिओच्या मूळ (वाइल्ड) विषाणूचा एकही नाही. लस सुधारली होती, हे खरं. पण पश्चिम उत्तर प्रदेशातल्या ज्या मोहल्ल्यांत दारं बंद होत होती, तिथे युनिसेफ आणि इतर संस्थांनी त्याच गल्लीतल्या हजारो बाया पगार देऊन नेमल्या होत्या. प्रत्येक नाराज घराची नोंद, त्या घराचं म्हणणं, कुणाच्या शब्दाला तिथे मान आहे, हे सगळं त्यांच्या वहीत असायचं. लोक म्हणत, ‘नालीत पाणी तुंबलंय, त्याचं काही नाही, आणि थेंब पाजायला बरे येता.’ मग थेंबांसोबत साबण, जुलाबावरची औषधं, आरोग्य शिबिरं आली. वऱ्हाडात हेच वाक्य खारपाणपट्ट्यात ऐकू येतं. दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूरकडच्या ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी प्यायलं, मूत्रपिंडाच्या आजारानं माणसं गमावली, आणि नळयोजनेचं पाणी आज येईल की उद्या याची वाट बघण्यात दिवस काढले, त्या गावांनी सरकारच्या एकाच सेवेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मग वऱ्हाडात हे बोलणं करायचं कुणी? आशाताईनं. तिला मुलाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण केल्याबद्दल शंभर रुपये मिळतात, दुसऱ्या वर्षाचं पूर्ण केल्याबद्दल पंचाहत्तर. नाराज घरी तीन वेळा जाऊन, सासूची समजूत घालून, चौथ्या वेळी बाळ सत्रावर आणलं, तरी तेवढेच. न आणता आलं तर काहीच नाही. म्हणजे जिथे बोलण्याची खरी गरज आहे तिथे जाणं तिला परवडत नाही, आणि जे घर आपणहून येतं त्याचे पैसे मात्र मिळतात. शिवाय तिच्या हातात सर्वेक्षणांची नि नोंदींची जंत्री वेगळीच. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुढे २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा ‘लसीकरण ठप्प’ अशा मथळ्यांची चिंता झाली. त्या बायांना बोलण्याचे पैसे कधीच दिले गेले नव्हते, हे त्या मथळ्यांत कुठे नव्हतं.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. गोवर गप्पांसाठी थांबत नाही. एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, आणि कोरोनाकाळात राहून गेलेल्या मात्रांची किंमत २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीनं मुलांचे जीव देऊन मोजली. अशा वेळी घरोघरी ऐकत बसायचं का? नाही. साथ आली की दारोदार जाऊन टोचायचंच, त्यात ढिलाई नको. पण साथीच्या आठवड्यात विश्वास तयार होत नसतो. तो शांत वर्षांत साठवलेला असावा लागतो. सक्तीचा मार्गही आपण बघितलेला आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, मुलांना रांगेत उभं केलं गेलं, आणि कित्येक आईबापांना ते मोबाइलवरच्या घाबरवणाऱ्या चित्रफितींतून आधी कळलं, शाळेकडून नंतर. मोहीम एरवी चांगली होती, लस उत्तम होती. दिल्लीतल्या अशाच मोहिमेवरून २०१९ च्या जानेवारीत तिथल्या उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही. काहींना हे अडथळ्यासारखं वाटेल. मला त्यात मोहिमेचाच फायदा दिसतो: संमती मागायची म्हटलं की शाळेला घराशी बोलावं लागतं.

मेळघाटापुरता एक रस्ता कायद्यानंच उघडा आहे. धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांनी सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार गावाकडे दिला आहे. तेंदूपानं आणि बांबू यांवर ग्रामसभा भांडतात, आणि ते योग्यच आहे. लसीकरणाच्या सत्राचा दिवस मात्र आजही जिल्ह्याच्या सूक्ष्म नियोजनातून ठरून येतो. तो गावानं ठरवावा. होळीच्या पाच-सहा दिवसांत, जेव्हा भट्टीवरून परतलेली सगळी मुलं गावात असतात, तेव्हा सलग सत्रं लागावीत. सत्रात समजावून सांगणारी व्यक्ती कोरकू बोलणारी असावी. कुठल्या घराची लस का राहिली याची वही ग्रामसभेत वाचली जावी, नावं न घेता. वैद्यकीय अधिकारी म्हणतील की होळीत कर्मचारी रजेवर असतात. असतात, आणि रजा त्यांचा हक्क आहे. मग त्यांना त्या आठवड्याची भरपाई-रजा आणि जादा भत्ता द्यावा. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम फार मोठी ठरणार नाही. वहीत जी कारणं येतील त्यातली निम्मी लसीशी संबंधित नसतील, पाण्याशी, रस्त्याशी, मजुरीशी असतील. ती आरोग्य विभागाची नाहीत म्हणून वगळू नयेत. त्या त्या खात्याकडे पाठवावीत, आणि पुढच्या सभेत त्यांचं काय झालं ते नर्सबाईनंच सांगावं.